‘कॉम्पेन्सेशन’ : मोबदला, भरपाई की मदत?

शासकीय अधिसूचना, न्यायालयाचे आदेश, विमा कंपन्यांची पत्रे आणि नोकरीचे करार यांत ‘कॉम्पेन्सेशन’ हा इंग्रजी शब्द वारंवार येतो. महामार्गासाठी जमीन गेलेला शेतकरी, अपघातात कर्ता माणूस गमावलेले कुटुंब आणि यंत्रावर हात गमावलेला कामगार या तिघांनाही हाच शब्द वाचावा लागतो. मराठीत त्यासाठी मोबदला, नुकसानभरपाई, भरपाई असे निरनिराळे शब्द रूढ आहेत. सानुग्रह अनुदान, परतावा, प्रतिपूर्ती, दंड हे त्याच्या शेजारचे शब्द होत. मात्र त्यांचे अर्थ वेगळे आहेत आणि त्यांपासून मिळणारे अधिकारही वेगळे आहेत. हाती पडलेली रक्कम नेमकी कोणत्या नावाने मिळाली, हे ठाऊक नसल्यास पुढील हक्काची मुदत टळून जाऊ शकते. म्हणून या शब्दाचा अर्थ आणि वापर समजून घेणे आवश्यक ठरते.

शब्दाचा मूळ अर्थ

‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द लॅटिन भाषेतून इंग्रजीत आला. एका वस्तूसमोर दुसरी वस्तू ठेवून तोलणे, हा त्याचा मूळ अर्थ. तराजूच्या एका पारड्यात झालेली हानी आणि दुसऱ्या पारड्यात ती भरून काढणारी रक्कम, ही कल्पना आजच्या कायदेशीर अर्थातही टिकून आहे.

मराठीतील ‘मोबदला’ हा शब्द अरबी भाषेतून आला असून त्याचा मूळ अर्थ अदलाबदल असा आहे. एक वस्तू दिली आणि तिच्या बदल्यात दुसरी घेतली, असा व्यवहार त्यात गृहीत असतो. ‘भरपाई’ या शब्दात उणे पडलेले भरून काढण्याची कल्पना आहे. त्यामुळे जमीन संपादित झाली की मोबदला आणि अपघात झाला की नुकसानभरपाई, असा जो फरक मराठी व्यवहारात केला जातो, तो योग्यच आहे. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘कॉम्पेन्सेशन’ हा एकच शब्द येतो.

राज्यघटनेतील एका शब्दाचा प्रवास

या शब्दाचे वजन किती असू शकते, हे भारतीय राज्यघटनेच्या इतिहासावरून दिसते. मूळ घटनेच्या अनुच्छेद ३१ नुसार सरकारने मालमत्ता संपादित केल्यास ‘कॉम्पेन्सेशन’ देणे बंधनकारक होते. पश्चिम बंगालच्या १९४८ च्या एका कायद्याने जमिनीची किंमत ३१ डिसेंबर १९४६ रोजीच्या बाजारभावापेक्षा अधिक धरू नये, अशी मर्यादा घातली होती. बेला बॅनर्जी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्ये ही मर्यादा अमान्य केली. मालकाकडून जे काढून घेतले, त्याच्या न्याय्य बरोबरीची रक्कम म्हणजे ‘कॉम्पेन्सेशन’, असा अर्थ न्यायालयाने लावला.

यानंतर १९५५ च्या चौथ्या घटनादुरुस्तीने रक्कम पुरेशी आहे की नाही, हा प्रश्न न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्याचा प्रयत्न केला. १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित कायदा रद्द ठरवला. त्यातही भरपाईचे तत्त्व हा कळीचा मुद्दा होता. त्यावर संसदेने १९७१ च्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३१ मधील ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्दच काढून त्याजागी ‘अमाउंट’ म्हणजे ‘रक्कम’ हा शब्द घातला. शब्द बदलला की न्याय्य बरोबरीची कसोटीही दूर होईल, हा त्यामागील हेतू होता. १९७३ च्या केशवानंद भारती प्रकरणात हा बदल ग्राह्य ठरला. मात्र दिली जाणारी रक्कम केवळ नाममात्र किंवा फसवी असता कामा नये, अशी भूमिका न्यायमूर्तींनी मांडली.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क वगळण्यात आला आणि अनुच्छेद ३००अ अस्तित्वात आला. कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता हिरावून घेता येणार नाही, असे हा अनुच्छेद सांगतो. त्यात ‘कॉम्पेन्सेशन’ हा शब्द नाही. तरीही न्याय्य भरपाई हा या हक्काचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने पुढील काळातील निकालांत, अगदी २०२४ मधील कोलकाता महानगरपालिकेच्या प्रकरणातही, स्पष्ट केले आहे.

जमिनीचा मोबदला

१८९४ चा भूसंपादन कायदा रद्द होऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याच्या नावातच ‘उचित भरपाईचा हक्क’ हे शब्द आहेत. त्यानुसार मोबदल्याची आकारणी टप्प्याटप्प्याने होते.

प्रथम जमिनीचे बाजारमूल्य ठरवले जाते. मुद्रांक शुल्कासाठी निश्चित केलेला दर, परिसरातील तशाच जमिनींच्या मागील तीन वर्षांतील नोंदणीकृत खरेदीखतांपैकी अधिक किमतीच्या निम्म्या खतांची सरासरी, आणि काही प्रकल्पांत संमतीने ठरलेली रक्कम, यांपैकी जी सर्वाधिक असेल ती धरली जाते. ग्रामीण भागात या मूल्याला एक ते दोन यांदरम्यानच्या गुणकाने गुणले जाते. हा गुणक शहरापासूनच्या अंतरानुसार शासन निश्चित करते. त्यात विहीर, झाडे, बांधकाम यांचे मूल्य मिळवले जाते. या एकूण रकमेवर १०० टक्के ‘सोलेशियम’ म्हणजे दिलासा रक्कम दिली जाते. जुन्या कायद्यात ही रक्कम १५ टक्के होती व १९८४ मध्ये ती ३० टक्के करण्यात आली होती. आपल्या इच्छेविरुद्ध जमीन सोडावी लागल्याबद्दल ही दिलासा रक्कम असते.

उदाहरणार्थ, एखाद्या जमिनीचे बाजारमूल्य १० लाख रुपये व गुणक दोन असल्यास २० लाख रुपये होतात. विहीर व झाडे यांचे १ लाख रुपये मिळवल्यास २१ लाख आणि तितकीच दिलासा रक्कम धरून ४२ लाख रुपये होतात. याशिवाय सामाजिक परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेपासून निवाड्याच्या किंवा ताबा घेतल्याच्या तारखेपर्यंत, यांपैकी जी आधी असेल तोपर्यंत, बाजारमूल्यावर वार्षिक १२ टक्के दराने वाढीव रक्कम देय असते. या कायद्याखालील निवाड्याच्या रकमेवर प्राप्तिकर आकारला जात नाही. राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन वेगळ्या, म्हणजे १९५६ च्या कायद्याखाली होते. तेथेही दिलासा रक्कम व व्याज देय असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये दिला.

येथे ‘अंडर प्रोटेस्ट’ हा शब्दप्रयोग विशेष महत्त्वाचा आहे. रक्कम अपुरी वाटत असूनही ती स्वीकारता येते. परंतु स्वीकारताना ‘रक्कम अपुरी असल्याची हरकत नोंदवून, हक्क राखून स्वीकारली’ असे लेखी नमूद करावे लागते. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७७ नुसार, हरकत न नोंदवता रक्कम घेणाऱ्यास वाढीव मोबदल्यासाठी कलम ६४ खाली अर्ज करता येत नाही. निवाड्याच्या वेळी उपस्थित असलेल्या व्यक्तीने निवाड्यापासून सहा आठवड्यांत हा अर्ज करावयाचा असतो. इतरांसाठी नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकी जी मुदत आधी संपेल ती लागू होते. पावतीवर एक ओळ लिहिली की नाही, यावर पुढील दाव्याचे भवितव्य अवलंबून असते, ते यामुळे.

अपघाताची नुकसानभरपाई

मोटार अपघातात न्यायाधिकरण ‘न्याय्य भरपाई’ ठरवते. मृत्यूच्या प्रकरणांत त्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांत निश्चित पद्धत घालून दिली आहे. समजा, ३८ वर्षे वयाच्या, महिना १५,००० रुपये कमावणाऱ्या स्वयंरोजगारी विवाहित व्यक्तीचा दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाला आणि तिच्यावर तिघे जण अवलंबून होते. तिचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपये होते. भावी उत्पन्नवाढीसाठी त्यात ४० टक्के मिळवले की २,५२,००० रुपये होतात. मृत व्यक्तीचा स्वतःचा खर्च म्हणून एक तृतीयांश वजा केल्यावर १,६८,००० रुपये उरतात. या वयासाठीच्या १५ या गुणकाने गुणल्यास २५,२०,००० रुपये ही अवलंबितांच्या हानीची रक्कम येते. अंत्यविधी, वारसाहक्काची हानी व सहवासाची हानी यांसाठीच्या ठराविक रकमा त्याव्यतिरिक्त असतात.

या हिशोबातून एक गोष्ट स्पष्ट होते. भरपाईचे माप हे हानीचे माप असते. म्हणून उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा आणि अवलंबितांची माहिती ही कागदपत्रे निर्णायक ठरतात.

कामावर असताना झालेल्या इजेसाठी १९२३ पासून स्वतंत्र कायदा होता. २००९ च्या दुरुस्तीने त्याच्या नावातील ‘कामगार’ याऐवजी ‘कर्मचारी’ हा शब्द आला आणि पुढे या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आल्या. येथे मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही. इजा कामाच्या ओघात व कामामुळे झाली, एवढे दाखवणे पुरेसे असते.

सानुग्रह अनुदान म्हणजे भरपाई नव्हे

मोठा रेल्वे अपघात झाला की काही तासांतच मृतांच्या वारसांसाठी व जखमींसाठी रक्कम जाहीर होते. बातम्यांत तिला अनेकदा ‘नुकसानभरपाई’ म्हटले जाते. वास्तविक ती ‘एक्स ग्रेशिया’ म्हणजे सानुग्रह अनुदान असते. अनुग्रह म्हणजे कृपा. देणाऱ्याने स्वतःवरील कायदेशीर जबाबदारी मान्य न करता, तातडीची मदत म्हणून दिलेली ही रक्कम होय.

रेल्वे अपघाताची भरपाई याहून वेगळी असते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४ व १२४अ नुसार ती रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे अर्ज करून मिळवावी लागते. मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख रुपये करण्यात आली. कलम १२४अ खाली चालत्या गाडीतून पडणे ही घटनाही येते. मुंबईच्या उपनगरी गाड्यांतील प्रवाशांच्या कुटुंबीयांनी हे विशेषत्वाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. आत्महत्या, स्वतः करून घेतलेली इजा, नशेच्या अवस्थेतील कृत्य अशा प्रसंगी मात्र भरपाई मिळत नाही. अर्जाची मुदत घटनेपासून एक वर्ष असून विलंबाचे सबळ कारण दाखवल्यास न्यायाधिकरण तो माफ करू शकते. सानुग्रह अनुदानाचा धनादेश मिळाला म्हणजे प्रकरण संपले, अशा समजुतीने कुटुंबे थांबली, तर कायद्याने मिळणारी भरपाई मागायची राहून जाते.

सानुग्रह मदत नेहमीच देणाऱ्याच्या इच्छेवर असते, असेही मात्र नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम १२ मध्ये आपद्‌ग्रस्तांसाठी किमान मदतीचे निकष ठरवण्याची तरतूद असून त्यात जीवितहानीबद्दलच्या सानुग्रह मदतीचा उल्लेख आहे. कोविडमुळे झालेल्या मृत्यूंच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी ही तरतूद बंधनकारक असल्याचे सांगितले. त्यानंतर प्रत्येक मृत्यूसाठी ५०,००० रुपयांची मदत निश्चित झाली. म्हणजेच केवळ नाव पाहून भागत नाही. त्या रकमेमागे कायद्याचे कलम आहे का, हेही पाहावे लागते.

शासनाच्या चुकीबद्दल भरपाई

बिहारमधील रुदल शाह यांची १९६८ मध्ये निर्दोष मुक्तता झाली होती; तरीही १९८२ पर्यंत, म्हणजे १४ वर्षांहून अधिक काळ, ते तुरुंगातच राहिले. १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्य शासनास त्यांना आधी दिलेल्या ५,००० रुपयांव्यतिरिक्त ३०,००० रुपये देण्याचा आदेश दिला. ही रक्कम अंतिम नसून वेगळा दिवाणी दावा करण्याचा त्यांचा अधिकार कायम राहील, असेही न्यायालयाने नमूद केले. मूलभूत हक्काच्या भंगाबद्दल रिट याचिकेतच भरपाई देता येते, हे तत्त्व या निकालाने पुढे आले. १९९३ च्या नीलाबती बेहेरा प्रकरणात पोलीस कोठडीतील मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश देताना ते अधिक दृढ करण्यात आले.

गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी राज्यांनी भरपाई योजना तयार करण्याची तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७अ म्हणून समाविष्ट झाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती कलम ३९६ मध्ये आहे. आरोपीचा शोध लागला नाही, तरीही पीडित व्यक्ती विधी सेवा प्राधिकरणाकडे यासाठी अर्ज करू शकते.

शेजारचे शब्द आणि इतर अर्थ

परतावा, म्हणजे ‘रिफंड’, यात स्वतःचेच पैसे परत मिळतात. भरपाई ही त्यावर झालेल्या त्रासाची किंवा विलंबाची असते. एटीएममधून रोकड मिळाली नाही, पण खात्यातून रक्कम वजा झाली, तर रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार बँकेने व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ती परत जमा करावयाची असते. त्यापुढील प्रत्येक दिवसासाठी १०० रुपये भरपाई ग्राहकाने तक्रार केली नसली तरी देय असते. येथे परत जमा झालेली रक्कम हा परतावा असून दररोजचे १०० रुपये ही भरपाई होय.

प्रतिपूर्ती, म्हणजे ‘रीइम्बर्समेंट’, ही आधी स्वतः केलेल्या खर्चाची बिलांच्या आधारे होणारी परतफेड असते. दंड हा शिक्षेचा भाग असून तो सामान्यतः सरकारी तिजोरीत जातो. न्यायालयाने तसा आदेश दिल्यासच त्यातील रक्कम पीडिताला मिळते. ‘डॅमेजेस’ म्हणजे करारभंग किंवा दिवाणी स्वरूपाच्या चुकीबद्दल न्यायालयाने ठरवलेली भरपाई. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ मध्ये मात्र यासाठी ‘कॉम्पेन्सेशन’ हाच शब्द वापरला आहे. करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवलेल्या हानीचीच भरपाई मिळते, दूरान्वयाने झालेल्या हानीची नाही, असे हे कलम सांगते. ‘रिपरेशन’ हा शब्द प्रामुख्याने युद्धानंतर पराभूत राष्ट्राने द्यावयाच्या भरपाईसाठी वापरला जातो. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहाने जर्मनीवर लादलेली भरपाई हे त्याचे परिचित उदाहरण होय.

खासगी कंपन्यांच्या नियुक्तिपत्रांत ‘कॉम्पेन्सेशन’ या शब्दाचा अर्थ अगदीच निराळा, म्हणजे वेतन, भत्ते व इतर लाभ मिळून एकूण मेहनताना, असा असतो. तेथे ‘नुकसानभरपाई’ असे भाषांतर केल्यास अर्थाचा अनर्थ होईल. अर्थविषयक बातम्यांत ‘जीएसटी भरपाई’ येते. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाल्यावर राज्यांच्या महसुलात १४ टक्के वार्षिक वाढ गृहीत धरून पडणारी तूट पाच वर्षे भरून देण्याची हमी कायद्याने देण्यात आली होती. वनजमीन इतर कामासाठी दिली गेल्यास करावयाच्या लागवडीला ‘भरपाई वनीकरण’ म्हणतात. झालेल्या हानीच्या बदल्यात काही देणे, हा धागा या दोन्ही वापरांत कायम आहे.

कागदावरील शब्दप्रयोग

‘इंटरिम कॉम्पेन्सेशन’ म्हणजे अंतिम निर्णय होईपर्यंत दिलेली अंतरिम भरपाई. ती पुढे अंतिम रकमेतून वजा होते. ‘एन्हान्स्ड कॉम्पेन्सेशन’ म्हणजे अपिलात किंवा संदर्भ अर्जात वाढवून मिळालेला मोबदला. ‘इन लू ऑफ’ म्हणजे ‘च्या ऐवजी’. उदाहरणार्थ, जमिनीऐवजी रोख रक्कम.

‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ या शब्दप्रयोगाबाबत सर्वाधिक सावधगिरी हवी. यापुढे कोणताही दावा उरणार नाही, असा त्याचा अर्थ होतो. भोपाळ वायुदुर्घटनेच्या प्रकरणात १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. मृतांचा व बाधितांचा आकडा तेव्हा गृहीत धरला होता त्याहून पुष्कळ मोठा असल्याचे सांगत केंद्र सरकारने २०१० मध्ये अधिक रकमेसाठी उपचारात्मक याचिका दाखल केली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये ती फेटाळली. तडजोड एकदा अंतिम झाली की ती पुन्हा उघडणे देशाच्या सरकारलाही शक्य झाले नाही. सामान्य नागरिकाने अशा कागदावर स्वाक्षरी करण्यापूर्वी कायदेशीर सल्ला घेणे, हे यामुळेच हिताचे ठरते. महिला, मुले, अनुसूचित जाती व जमातींच्या व्यक्ती, आपद्‌ग्रस्त, कामगार आणि विहित मर्यादेहून कमी उत्पन्न असलेल्या व्यक्ती यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून हा सल्ला विनामूल्य मिळू शकतो.

अर्ज करताना

भरपाईचा अर्ज लिहिताना किंवा मिळालेले पत्र वाचताना चार गोष्टी तपासाव्यात. रक्कम कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली देय आहे. ती कोणत्या हानीबद्दल आहे. तिची आकारणी कशी केली आहे. आणि ती अमान्य असल्यास कोणाकडे, किती मुदतीत दाद मागता येते. पत्रात कलमाचा उल्लेख नसल्यास तो लेखी विचारावा. अर्जात ‘मदत मिळावी’ असे मोघम न लिहिता ‘अमुक कायद्याच्या अमुक कलमान्वये नुकसानभरपाई मिळावी’ असे लिहावे. सोबत हानीचा तपशील रुपयांत द्यावा व प्रत्येक कागदाची पोच घ्यावी.

मदत मागताना विनंती करावी लागते. भरपाई मागताना झालेली हानी दाखवून कायद्यावर बोट ठेवावे लागते. दोन्ही मार्ग खुले असतील, तर एकामुळे दुसरा बंद होणार नाही, याची खात्री करूनच कागदावर सही करावी.